सतरा कलमं, पैकी जिवंत अकरा

रामा पाष्ट्यावर सतरा कलमं लागलीत, त्यातली अकरा अजून जिवंत आहेत आणि त्यापायी त्याच्या पोरीचं मेडिकल सुटलं, ही बातमी सकाळी लांज्याच्या स्टँडवर निघाली आणि दुपारच्या गाडीने रत्नागिरीला पोचली. वाटेत ती वाढली. पाली येईतो रामाने तलाठ्याला कोयतीने मारलंन होतं. हातखंब्याला तलाठी मेला. रत्नागिरीत उतरली तेव्हा रामा रानात पळाला होता आणि पोलीस कुत्रं घेऊन त्याच्या मागावर होते.

कंडक्टर तिकिटाचं पंचिंग टकटकवत नाकातून सांगत होता, “सतरा कलमं म्हंजे काय थट्टा हाय काय? आमच्या डेपोतल्या क्लीनरवर दोन लागली, तर सहा म्हयने घरी बसला!” आणि स्टँडबाहेरची हौसा भाजीवाली पालेभाजीवर पाणी मारत म्हणत होती, “मी आदीच बोलल्ये होत्ये. जो माणूस कमी बोलतो ना, तोच असा निघतो.”

यातलं खरं एवढंच की कलमं सतरा होती आणि अकरा जिवंत होती. कोयती, कुत्रं, रान सगळं खोटं. तलाठी ठणठणीत होता आणि त्या वेळी लांज्यातच मिसळ खात होता. आणि कलमं रामाला लागलेली नव्हती, रामाने लावलेली होती. आमच्याकडे कलम म्हटलं की आंब्याचं, तेही हापूसचं. पोराला विचारा, म्हाताऱ्याला विचारा, दुसरा अर्थ कोणाच्या डोक्यात येत नाही. पण हीच कलमं कागदावर बसून घाट चढली आणि पुण्याला पोचली, की त्यांचं पीनल कोड होतं.

रामा म्हणजे माझा मामा, आणि जिचं मेडिकल सुटल्याची हूल उठली ती त्याची थोरली, दमयंती. लांज्यापासून आत, जिथे एस.टी.ला वळायला जागा नाही म्हणून गाडी उलटी येते, त्या वाडीतली. “येऊ दे, येऊ दे, येऊ दे, बस्स!” या आरोळीवर वाडीतली घड्याळं लागतात. दमयंतीने शाळा लांज्याला केली, अकरावी-बारावीला ती आमच्याकडे रत्नागिरीत होती आणि दोन हजार एक साली तिचा नंबर मिरजेला मेडिकलला लागला.

तिला बसून विचार करता येत नाही. अभ्यास ती चालत करते. आमच्याकडे होती त्या दोन वर्षांत पुढच्या दारापासून मागच्या पडवीपर्यंत तिने इतक्या फेऱ्या मारल्या की आईने वैतागून तिच्या हातात केरसुणी दिली. म्हणाली, “चालतेसच तर केर तरी काढ.” तेव्हापासून आमच्या घरात रसायनशास्त्र आणि केर एकदमच निघू लागले.

दुसरी खोड म्हणजे तिला खोटं पेलत नाही. खोटं बोलत नाही असं नव्हे. बोलते, पण त्याच्या पाठोपाठ खरंही ओकून टाकते. चौथीत असताना शाळेच्या वनभोजनाला तपासणीचे साहेब आले. त्यांनी विचारलं, “काय मुलांनो, खिचडी चांगली झालीय ना?” वर्ग एका सुरात म्हणाला, “होऽऽ!” दमयंतीही म्हणाली. आणि वर्ग गप्प झाल्यावर एकटीच उभी राहून म्हणाली, “खडे काढले की.”

तर मिरजेचे पहिले महिने कसेबसे निघाले. मामा स्वतःची भातशेती करून बाकीच्या दिवसांत दुसऱ्यांच्या बागांत जातो, फवारणीला आणि काढणीला. तेवढ्यात मिरज बसत नव्हती. दिवाळीच्या सुटीनंतर मेस आणि हॉस्टेलचे पैसे भरले नाहीत तर खोली सोडायची, आणि खोली सुटली की कॉलेज सुटलं. हॉस्टेलातल्या एका सीनियर मुलीने तिला पुण्यातल्या भागीरथीबाई विद्यार्थी निधीचा पत्ता दिला. दमयंतीने अर्ज केला. निधीवाल्यांनी गावच्या तलाठ्याकडून परस्पर अहवाल मागवला. तलाठ्याने इमानाने वाडीत येऊन, झाडांतून फिरून, चहा पिऊन जे पाहिलं ते आपल्या भाषेत लिहिलं: “सदर इसमाचे नावे कलमे १७ दाखल असून पैकी जिवंत ११. बाकी स्थिती गरिबीची.”

पुण्याला निधीचे चिटणीस देवदत्त यांनी ते वाचलं. सदर इसम. कलमे. दाखल. पैकी जिवंत. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि चांगल्या, वळणदार अक्षरात मामाच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड टाकलं. वडिलांच्या नावे दाखल असलेल्या सतरा कलमांपैकी अकरा अद्याप जिवंत असल्याचे समजते, ती कोणत्या स्वरूपाची आहेत याचा खुलासा अर्जदाराने रत्नागिरी येथे मुलाखतीच्या वेळी समक्ष करावा.

पोस्टकार्ड! पाकीट असतं तर ही गोष्टच झाली नसती. पण पोस्टकार्ड लांज्याला रावजी पोस्टमनच्या हातात पडलं. रावजी नंतर शपथेवर सांगत होता, “दुसऱ्याचं वाचू नये हां मला ठावं हाय. पण उघडं असतं त्याला मी काय करू? डोळे मिटून सायकल चालवू?”

मामा ते पोस्टकार्ड छातीच्या खिशात घालून रत्नागिरीला यायला निघाला, तेव्हा बातमी त्याच्याच गाडीत होती. कंडक्टरने तिकीट फाडता फाडता मामालाच ती सांगितलीन. कोयती, तलाठी, रान, कुत्रं. मामा कमी बोलतो. त्याने सगळं ऐकून घेतलंन आणि विचारलंन, “मग, गावला काय?”

“अजून नाय.”

“वायट झालं,” मामा म्हणाला आणि खिडकीतून बाहेर बघत बसला.

दमयंती आदल्याच दिवशी मिरजेहून आमच्याकडे येऊन थांबली होती. मामाने पोस्टकार्ड तिच्या हातात दिलंन. तिने ते स्वयंपाकघर ते पडवी अशा एका फेरीत वाचलं आणि दुसऱ्या फेरीत तिला हसू फुटलं. तिने आईला वाचून दाखवलं, आई हसता हसता पोळपाटावर बसली. मामाला एकट्याला हसू येईना. “माजी कलमं जिवंत हायत, ह्यो गुन्हा काय?” त्याने विचारलंन, आणि मग आम्ही आणखीच हसलो.

माझे पप्पा एस.टी. डेपोत कारकून आहेत. आयुष्यभर अर्ज नामंजूर करणाऱ्या साहेबांच्या शेजारी बसलेले. ते हसले नाहीत. हात धुऊन पुसून झाल्यावर म्हणाले, “झालं हसून? आता मला सांगा, उद्या ही तिथे जाऊन काय खुलासा करणार? साहेब, गुन्हे नव्हेत, हापूस आहेत. हापूस म्हटल्यावर पुण्याच्या माणसाच्या डोळ्यांपुढे काय येतं? पेटी! नियम वाचलेत त्यांचे? बागायतदारांच्या पाल्यांना मदत नाही.”

आई पोळपाटावरून उठली.

“मग काका, गुन्हे आहेत म्हणून सांगू?” दमयंतीने विचारलं.

“असते तर बरं होतं गो. गुन्हेगाराच्या पोरांची कोणाला तरी दया येते. बागायतदाराच्या पोरांची कोणाला येणार?”

आईने आतून डी.एड.चं माहितीपत्रक आणून कपाटावर ठेवलं. “असूं दे. पुढच्या वर्षाचं आहे. ठेवलं म्हणून काय लगेच खायला मागत नाय ते.” त्या क्षणापासून दमयंतीने कपाटाच्या बाजूने जाणंच सोडलं. फेऱ्या चालूच, पण कपाट टाळून, मोरीवरून वळसा घालून.

शेवटी तोड पप्पांनीच काढली. झाडं रायवळ आहेत म्हणून सांगायचं. रायवळ म्हणजे कोयीतून आपलं आपण उगवलेलं. पोरं दगड मारतात, बायका लोणची घालतात, पण त्याला बागायत कोणी म्हणत नाही. “रायवळच आहेत, तलाठ्याने घाईत कलमं लिहिलंन. एवढंच बोलायचं. कोण पुण्याहून येऊन पानं चावून बघतोय?”

मामा उठला. टोपी घातलीन. पडवीच्या पायरीवर जाऊन आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. त्याच्या तोंडात ळ नाही, जिथे ळ तिथे ल. “रायवल,” तो अंगणातल्या तुळशीला सांगावं तसं बोलला. “कातल फोडलाय त्यांच्यासाटी. खड्ड्यात माती डोक्यावरून आनून घातली. आनि लोकांत सांगायचं, रायवल!”

“बाबा, झाडांना कुठे ऐकू जातंय?” दमयंती म्हणाली.

“मला जातंय ना.”

मुलाखत दुसऱ्या दिवशी होती. संध्याकाळी दमयंती घरात मावेना, म्हणून मी तिला मांडवीला नेलं. जेटीवर लोक बसून भेळ खात होते. ही उभी. उभीही नाही, चालती. भेळ एकीकडे, कागदाचा चमचा एकीकडे, आणि तोंडाने पाठांतर. मला दिसेल त्याची नक्कल करायची खोड, म्हणून मी चिटणीस झाले. आवाज पुण्याच्या कापडवाल्याचा लावला, ज्याला गिऱ्हाईक आलेलं आवडत नाही.

“असं पाहा कुमारी पाष्टे, आम्हाला आणखीही अर्ज आहेत, काय? कलमांचं स्वरूप सांगा.”

“रायवळ, सर.”

“चाचरू नका. पुन्हा.”

“रायवळ, सर. तलाठ्यांची चूक झाली, सर.”

पहिल्यांदा तिचे कान लाल झाले. पाचव्यांदा झाले नाहीत. परतताना तर ती हातांची हाडं मोजत चालली होती, तिला सहामाहीची परीक्षाही होती, आणि ओळीत म्हणत होती, “क्लॅव्हिकल, स्कॅप्युला, ह्युमरस, रायवळ.” इतकं बेमालूम की तेही एक हाड वाटावं.

मुलाखती सुटीमुळे रिकाम्या झालेल्या एका शाळेत होत्या. व्हरांड्यात पोरं आणि आईबाप बाकांवर ओळीत बसलेले. मामा टोकाला, टोपी मांडीवर घेऊन. दमयंती पायऱ्या चढत होती आणि उतरत होती. आतून तिच्या आधीच्या मुलाचं नाव पुकारलं गेलं, तेव्हा मी तिला म्हटलं, “पाठ झालंय ना? आता सरळ बोलून मोकळी हो.”

“तुला कोण बोललं मी बोलणार म्हणून?”

“बोलणारच. काल पाच वेळा बोललीस.”

“आणि नाही बोलले तर?”

“नाही खोटं बोललीस, तर मी एक अख्खा दिवस कोणाची नक्कल करणार नाही. बोललीस, तर मिरजेहून मला एक हाड आणायचं. खरं.”

“लाव,” ती म्हणाली आणि माझ्या हातावर टाळी मारलीन. टाळी ओली होती. तिच्या डोळ्यांवरून सांगते, ती काय बोलणार हे तिचं तिलाही माहीत नव्हतं.

मग नाव पुकारलं. बापलेक आत गेली आणि मी वर्गाच्या खिडकीखाली, मधूनमधून डोकं वर काढत.

आत तिघं होती. देवदत्त चिटणीस, रत्नागिरीचे बागायतदार राजाभाऊ आणि निवृत्त मुख्याध्यापिका लीलाताई. देवदत्तांचा आवाज ऐकून माझी निराशा झाली. कापडवाला कुठेच नव्हता. सर्दी झालेला, मऊ, प्रत्येक वाक्याआधी माफी मागणारा माणूस होता.

“बसा ना.”

“उभी राहिले तर चालेल, सर? बसले की मला आठवत नाही.”

“हो, हो. तर, माफ करा, विषय जरा नाजूक आहे. वडिलांच्या नावे जी सतरा आहेत... अकरा जिवंत म्हणजे कोर्टात चालू, असंच ना? आम्ही त्यासाठी मुलांना दोषी धरत नाही, बरं का. पण स्वरूप कळायला हवं. म्हणजे, मारामारी वगैरे, की...”

राजाभाऊ इतका वेळ बशीत चहा ओतत होते. “कसली सतरा? बघू.” त्यांनी अहवाल ओढून घेतला, वाचला, आणि बशी ठेवली नसती तर चहा लीलाताईंच्या पातळावर गेला असता. “अहो देवदत्तपंत! आंबे हो, आंबे! कलमं! हा माणूस दरोडेखोर आहे असं समजून तुम्ही सकाळपासून पाकीट खिशात दाबून बसलायत की काय?”

लीलाताईंनी पदर तोंडाला लावला. देवदत्त कानांपर्यंत लाल झाले. “मग ती उरलेली सहा...”

“वाळवीने मेली, सर,” दमयंती म्हणाली. “बाबांनी नाही मारली.”

देवदत्तांनी उठून मामाला हात जोडले. मामाने उठून त्यांना जोडले. दोघंही बराच वेळ तसेच, कोणी आधी सोडायचे ते ठरेना. हसू ओसरलं, आणि आमच्या घरात झालं होतं नेमकं तेच तिथे झालं. देवदत्त खाली बसले, नियमांचं पान उलटलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

“पण मग, माफ करा, ही बागायत झाली.”

“हापूस काय?” राजाभाऊंनी विचारलं. सहज विचारलं. त्यांच्या तोंडात दुसरा प्रश्न येतच नाही.

दमयंती चालू लागली. फळ्यापर्यंत गेली, वळली, खिडकीपर्यंत आली. माझ्या डोक्यावरच तिचा श्वास ऐकू येत होता. खोली होती, मिरज होती, कपाटावरचं माहितीपत्रक होतं. “राय...” ती म्हणाली. मामाने मान खाली घालून टोपीचा काठ मोजायला घेतला.

“रायवळ सांगायचं ठरलं होतं, सर,” ती एका दमात बोलली. “हापूस आहेत. अकराच्या अकरा हापूस. कातळ फोडून लावलेत. आता चौथं वर्ष. अजून आंबा धरलेला नाही, पण धरणार नाही असं नाही. गेल्या वर्षी मोहोर आला होता.”

“आला होता ना?” देवदत्त हळूच म्हणाले.

“बाबांनी खुडून टाकला.”

“आलेला मोहोर? खुडला?”

मामाला आदल्या दिवसापासून बजावलेलं होतं की तोंड उघडायचं नाही. पण त्याला राहवलं नाही. “कवल्या झाडाला धरू दिला तर झाड खचतं, साहेब. मग जल्मभर खुरटं. आदी वाडूं द्यायचं.”

“किती वर्षं खुडणार?”

“अजून तीन तरी. जमलं तर चार.”

“म्हणजे मी डॉक्टर होईपर्यंत,” दमयंतीने लगेच पुस्ती जोडली. तिला कोणी विचारलं नव्हतं. “तेव्हा धरतील. तेव्हा आम्ही तुमच्या नियमात बसणार नाही. तेव्हा मी मदत मागितली तरी देऊ नका.”

मामाने तिच्याकडे असं बघितलं, की पोरी, तुला जिभेला दावं बांधायला हवं होतं.

लीलाताईंनी पेनाचं टोपण लावलं. “मी हिला विचारणार होते, डी.एड. का नाही केलंस, दोन वर्षांत पगार चालू झाला असता. आता नाही विचारत.”

देवदत्त नियमाच्या ओळीवर बोट ठेवून बसले होते. “शब्द ‘बागायती उत्पन्न’ असा आहे,” ते म्हणाले. “बागायत नव्हे. उत्पन्न.”

“मग झालं तर! मोहोर खुडणाऱ्याचं उत्पन्न कुठलं आणि काय!” राजाभाऊ म्हणाले.

देवदत्तांनी शेरा लिहिला आणि वाचून दाखवला. “कलमे अद्याप लागू झालेली नाहीत. लागू होईपर्यंत मदत देण्यात यावी.”

“लागू नव्हे हो! फळाला लागलेली नाहीत!”

“तेच ते ना?”

“तेच ते कसं? पुढच्या वेळी खरंच पोलीस पाठवाल!”

मेस आणि हॉस्टेल दोन्ही मिळालं. अट एकच: दर दिवाळीला तलाठ्याचा दाखला आणायचा, की झाडांना अजून आंबा आलेला नाही. घरी कळल्यावर आई म्हणाली, “आंबे आले नाहीत म्हणून पेढे वाटणारं रत्नागिरीतलं हे पहिलंच घर.” पण वाटले तिने. आणि माहितीपत्रकाच्या कागदात बांधून वाटले.

ते नंतर. आधी शाळेच्या पायरीवर माझी आणि दमयंतीची जुंपली. मी म्हटलं, पैज मी जिंकले, तुझ्या तोंडून ‘रायवळ’ निघालं, मी स्वतः ऐकलं, आणायचं हाड. ती म्हणाली, शब्द निघाला पण खोटं नाही निघालं. मी म्हटलं, ‘राय’ म्हणून थांबलीस तेव्हा खोटंच होतं. ती म्हणाली, अर्ध्या शब्दाला खोटं म्हणत नाहीत, अर्ध्या हाडाला हाड म्हणतेस का? शेवटी आम्ही मामाकडे बघितलं. मामाने टोपी झटकून डोक्यावर ठेवलीन. आदल्या दिवसापासून पहिल्यांदा त्याचा चेहरा सैल झाला होता.

“बोलली,” मामा म्हणाला. “पन खोटं नाय बोलली. तू हरलीस गो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला आला. रोज मी त्याला त्याच्याच खर्जात “दूऽऽध” म्हणून हाक देते. त्या दिवशी भांडं पुढे करून माझ्या स्वतःच्या आवाजात नुसतं म्हटलं, “अर्धा लिटर द्या.”

आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. “कोण आलंय गो?”